भात्यावरचा माणूस

१

यातला एक शब्द जरी खरा मानलास ना पिंके, तर तुझ्यासारखी बावळट सगळ्या नाशकात नाय. आधीच सांगून ठेवते. ह्या ठमाबाईनं अख्ख्या वस्तीला फसवून झालंय. पाळकसाहेबांच्या बुटात बेडूक ठेवलाय, पंचांच्या चहात मीठ घातलंय. आन् तुझी छाया आत्या लग्नात एवढी रडली, ती काय मायेनं नाय. मी तिच्या रुमालाला कांदा चोळला होता. मंग माझं कोण खरं मानंल? तू तर मुळीच मानू नको. बस हितं डब्यावर. वही ठेव बाजूला. स्मरणिकेत छापायजोगं यात काय नाय.

तुला देवळातल्या ऑर्गनची माहिती पायजे. ती तिथं पाटीवर हाय की. गोऱ्या लोकांनी विलायतेहून आणला, बोटीनं मुंबईला, आगगाडीनं नाशिकरोडला, तिथून बैलगाडीत. नळ्या चारशे बारा. मोठ्यात मोठी माझ्या दुप्पट, लहानात लहान माझ्या करंगळीएवढी. मी चौथी नापास, पण एवढं वाचता येतं.

पाटीवर एक गोष्ट नाय. फुंकल्याबिगर पावा वाजतो का? तसा हवेबिगर ऑर्गन वाजत नाय. आन् ती हवा भरायला माणूस लागायचा. ऑर्गनच्या मागं एक खोली हाय. खोली कसली, उभं कपाट म्हण. भिंतीतून एक लाकडी दांडा बाहेर आलेला. तो वरखाली केला की आतला भाता फुगतो. लोहाराचा असतो तसाच, पण खाटेएवढा. शेजारी दोरीला शिशाचा गोळा लोंबतो. भाता भरला की गोळा खाली येतो, हवा सरत आली की वर चढतो. भिंतीवर रेघ मारलीय. गोळा रेघेच्या वर गेला की ऑर्गन कण्हायला लागतो आन् गीत मधेच मरतं.

त्या कपाटात आमचा म्हातारा. आधी त्याचा बाप, मंग तो. एकतीस वर्षं. पुढं ऑर्गनवर बसायची तुझी छाया आत्या. लोकं उपासना सुटल्यावर तिला म्हणायची, काय सुंदर वाजवता टीचर. म्हातारा घरी येऊन पायातल्या चपला काढता काढता म्हणायचा, आज आम्ही बरं वाजवलं.

आम्ही म्हणायचा. मला लय हसू यायचं.

२

चौऱ्याण्णव साली पंचांनी मोटर आणली. बटण दाबलं की हवा तयार, माणूस नको. देवळाच्या मागच्या भिंतीला पत्र्याची खोपटी केली, तिथं मोटर ठेवली. तिथून पत्र्याची नळी काढून ऑर्गनच्या पाठीला जोडली. मुंबईहून कोण मेकॅनिक आलता, एका दिवसात काम करून संध्याकाळची गाडी धरून गेला.

आता म्हाताऱ्याला सांगायचं कोणी? पाळकसाहेब जीवानं लय मऊ माणूस. म्हणले, चिमाजी हे ऐकून खचंल. देऊळ झाडायला मी होतेच तिथं. तवा मी झाडू टेकवून म्हणलं, सांगायचं कशाला? दांडा हाय तसा ठेवा. त्याला मारू दे वरखाली. एवढ्या मोठ्या नळ्यांशेजारी जन्म गेला, कान कवाच गेलेत, मोटरचा आवाज त्याला येतोय होय?

पाळकसाहेब पयले हसले, मंग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मंग हो म्हणले. बटण वेदीमागच्या खोलीत. ते माझ्याकडं दिलं. उपासनेच्या आधी दाबायचं, नंतर बंद करायचं.

पुढच्या रविवारी म्हातारा आपला नेहमीसारखा कपाटात गेला. मी बटण दाबलं. खोपटीत मोटर घूं घूं करायला लागली. छायानं बोट ठेवलं, ऑर्गन वाजला. सगळे पंच एकमेकांकडं बघून मान हलवत होते, झकास मोटर हाय म्हणून.

जन्मात एवढी मोठी फसवणूक मी केली नव्हती. आन् खोटं कशाला बोलू, मायेनं केलेली बी ती एकच.

३

पाच वर्षं ती चालली. सगळ्या वस्तीला ठाऊक, एका म्हाताऱ्याला नाय. तो घाम पुसत कपाटातून बाहेर यायचा आन् पोरंसोरं तोंडावर हात धरायची. कोणी म्हणायचं, काका, आज हवा चांगली होती. तो खुश.

घरी आला की धापा टाकायचा. मला वाटायचं, नाटकी. दांडा नुसता हलवायला दम कसला लागतोय? मी म्हणायची, अहो, हवाच भरता ना, का दगड फोडता? तो म्हणायचा, ठमे, हल्ली दांडा जड झालाय. मी शेजारच्या सगुणाबाईला जाऊन सांगायची, आमच्या हिरोला रिकामा दांडा जड जातोय. आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

अठ्ठ्याण्णवच्या नाताळाला तीन उपासना झाल्या. तिसरी सुटल्यावर तो घरी आला आन् उंबऱ्यावरच बसला. शर्टाची गुंडी काढायला गेला तर बोटं वळंनात. मी काढली. अंग सगळं चिंब.

मला म्हणला, "ठमे, पंचांना सांग, दुसरा माणूस बघा. माझ्यानं होत नाय आता."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. पंचांना काय सांगायचं? पंच म्हणणार, राहू दे घरी, तसं बी काय अडलंय. मंग ते त्याला कळणार. मी एकदम गंभीर तोंड केलं. ते मला चांगलं जमतं.

"अहो," मी म्हणलं, "तुमच्याबिगर तो ऑर्गन वाजायचा नाय."

तो थोडा ताठ बसला. म्हणला, ते बी खरंच.

जानेवारीत आणखी दोनदा म्हणला, सांग म्हणून. दोन्ही वेळा मी तेच ऐकवलं. फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी चहाचा कप हातात होता तसाच गेला. डॉक्टर म्हणला, हृदय फुगलं होतं. अवजड काम करायचे का? मी म्हणलं, छे हो. बसून असायचे.

४

माती दिली, घर रिकामं झालं, रविवार आला. मी बटण दाबलं. छायानं ऑर्गन वाजवला. सगळं ठीक. मोटर हाय ना, ठीक असणारच.

कपाटाला मी कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. दर शनिवारी उघडून झाडायची. त्याचा टॉवेल खिळ्यावर होता, तो तसाच ठेवला. दोन-तीन महिने गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. सगळीकडं धूळ, गोळ्यावर धूळ, फळीच्या कडांना धूळ, आन् दांड्यावर नाय. जिथं तो धरायचा तिथं नाय, आन् जिथं उभा राहायचा तिथं दोन पावलांपुरती फळी स्वच्छ.

मी मनाला म्हणलं, मोटरनं भाता हलत असंल, भात्यानं दांडा हलत असंल, हलत्या लाकडावर धूळ कशी बसंल? आन् फळी? फळीला हादरे बसत असतील. चौथी नापास असले तरी डोकं हाय मला.

पण खोड जात नाय. म्हातारा होता तवा मी तीनदा त्या दांड्याला तव्याची काजळी चोळली होती. एकदा तो तसाच कपाळाचा घाम पुसत प्रभुभोजनाला गेला होता, पाळकसाहेबांनी हसू दाबत पेला पुढं केला. तर मी परत चोळली. शनिवारी. का, ते विचारू नको. कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

सोमवारी उघडलं. दांड्यावर दोन पंजांच्या जागा लख्ख. खिळ्यावरचा टॉवेल हातात घेतला तर तो काळा. आन् ओला.

मी खालीच बसले. भ्याले का? भ्याले. पण थोडंच. तुला म्हणून सांगते, बरं बी वाटलं. म्हटलं, येतोय आपला. मोटर काम करतीय, हा दांड्याशी खेळतोय. जिवंतपणी खेळला, आता बी खेळू दे. माझं काय जातंय? टॉवेल घरी नेला, धुतला, शनिवारी परत खिळ्यावर टांगला. मंग दर आठवड्याला धुवायला लागले. दर आठवड्याला ओला असायचा.

कोणाला बोलले नाय. बोलले असते तर म्हणले असते, ठमाबाईची नवीन काय तरी टूम.

५

दोन हजार दोन साल. झावळ्यांचा रविवार. तवा लाईट कशी जायची ठाऊक हाय ना तुला, दिवसाला सहा-सहा तास. दुसऱ्या गीताच्या मधीच गेली. पंखे थांबले. पाळकसाहेबांचा माईक गेला. बाया पदरानं वारा घ्यायला लागल्या.

ऑर्गन चालूच.

मी मागं चटईवर बसले होते. पाच कडवी म्हणली लोकांनी, हातात झावळ्या, गळा काढून. आन् पाची कडवी ऑर्गन वाजला, कुठं कण्हला नाय का अडला नाय. मी खिडकीतून कान दिला, खोपटीत मोटर मुकी. उपासना सुटल्यावर एक पंच दुसऱ्याला म्हणला, बरं केलंत हो इन्व्हर्टर बसवलात. दुसरा म्हणला, मी समजलो तुम्हीच बसवलात. दोघंबी चहाला गेले.

मी परत मनाला समजावलं. भात्यात आधीची हवा उरली असंल. पण पिंके, मी त्या कपाटाशेजारी आयुष्य काढलंय. भरलेला भाता अर्धं कडवं पुरतो. मंग म्हणलं, म्हाताऱ्यानं लावला असंल हातभार. लाईट गेली तेवढ्यापुरता. खुश झाला असंल, एकदाचं खरं काम मिळालं म्हणून.

मी त्या दिवशी घरी येऊन त्याच्या वाटणीचा चहा केला. आन् आपला आपण पिऊन टाकला.

६

दोन हजार चार साली नळ्या गळायला लागल्या, काही मुक्या झाल्या. पंचांनी दुरुस्ती काढली. भिमाजी मिस्त्री आला. सातपूरच्या कारखान्यात साचे बनवायचा, रिटायर होऊन पेट्या आन् ऑर्गन दुरुस्त करायला लागला होता. तोंडाचा फटकळ, हाताचा सोन्याचा. नळ्या उतरवून बाकांवर ओळीनं झोपवल्या, साऱ्या देवळात पाय ठेवायला जागा नाय. लहान नळ्या मी पुसून द्यायची. मी एका नळीत शेंगदाणा टाकला, तर त्यानं तासाभरानं माझ्या चहाच्या कपात तोच टाकून दिला. बरं जमलं आमचं.

तिसऱ्या दिवशी त्यानं मोटरची नळी ऑर्गनच्या पाठीवरून सुटी केली. बराच वेळ तिथं उकिडवा बसून होता. मंग मला हाक मारली.

"बाई, हिकडं या. काय दिसतंय?"

मी बघितलं. फळी दिसत होती. जुनी, सागाची, तांबूस पॉलिशची.

"भोक दिसतंय का?"

भोक नव्हतं. नळी आणून फळीला खिळली होती, कडेनं लांबी थापून फट बुजवली होती, वरून रंग मारला होता. पण तिच्या तोंडाशी फळी कोणी कापलीच नव्हती. करवतीचा ओरखडा नाय. नळीच्या तोंडात दहा वर्षांची धूळ गोवरीसारखी थापून बसली होती.

मिस्त्री म्हणला, ह्या मोटरनं ह्या ऑर्गनात एक फुंकर घातलेली नाय, कधीच नाय. बसवली तवा कोणी तपासली कशी नाय? मी काय सांगणार? तपासली होती की. रविवारी, भरल्या देवळात. म्हातारा आत भात्यावर असताना. त्याला कळू नये म्हणून एकदाबी आम्ही त्याला बाहेर बसवून मोटर चालवून बघितली नाय.

"मंग एवढी वर्षं हवा भरली कोणी?"

"आमच्या मालकांनी," मी म्हणलं.

मिस्त्रीनं कपाटात डोकं घातलं, दांड्यावर हात फिरवला. म्हणला, वा. हाताच्या तेलानं कसा चमकतोय. मला भेटायचंय त्यांना. कुठं असतात?

"कामात हायेत," मी म्हणलं. आन् झाडू घेऊन बाहेर आले.

घरी कशी गेले ठाऊक नाय. सगुणाबाईच्या दारावरून गेले तर तिनं हाक मारली, काय गं, आज काय नवीन? मी चालतच राहिले. घरात जाऊन उंबऱ्यावर बसले, तो बसला होता तिथंच. दांडा जड झालाय म्हणायचा. जडच होता तो. चामडं जुनं झालं, भाता फाटायला लागला, दुप्पट मारावा लागत असंल. पाच वर्षं त्या माणसानं फुफ्फुसं फाडून हवा भरली, आन् घरी आल्यावर बायको विचारायची, दगड फोडता का.

तीनदा सांगितलं होतं त्यानं. दुसरा माणूस बघा म्हणून. मी बघितला नाय. मंग सोमवारी मेला आन् रविवारी परत कामाला गेला. कारण कोणी सुट्टी दिलीच नव्हती.

खेळत नव्हता गं तो. मी टॉवेल धुवत होते, मला वाटत होतं खेळतोय.

७

मिस्त्रीनं फळी कापली. नवं चामडं घातलं, मोटर नीट जोडली. शुक्रवारी मला कपाटात उभं करून दाखवलं. दांड्याला कोणाचा हात नाय, मोटर चालू, छाया वरती वाजवतीय, आन् गोळा बरोब्बर रेघेवर. हालायला तयार नाय. म्हणला, बाई, आता मालकांना म्हणावं, आराम करा.

मी म्हणलं, सांगते.

नाताळाच्या आधीचा रविवार. सकाळचं ऊन वेदीवर. देऊळ भरलेलं, सगळे नवीन आवाज ऐकायला आलेले. मी बटण दाबलं. पयलं गीत सुरू झालं. असा ऑर्गन मी जन्मात ऐकला नव्हता, छातीत घुमत होता. मी मागून गेले, कुलूप काढलं, दार चार बोटं उघडलं.

आधी गोळा बघितला. रेघेच्या खाली होता. एक वीतभर खाली.

आतून वास आला, ओल्या चामड्याचा आन् घामाचा. फळी कुरकुरली. वाकली, सरळ झाली. परत वाकली. चार बोटांच्या फटीत किती दिसणार? मान दिसली. मागून. खाली जायची, वर यायची. दर शनिवारी त्या मानेवर मी वस्तरा फिरवायची, एक केस राहू द्यायची नाय. आता केस वाढून कॉलरच्या खाली गेले होते. भिजून पाठीला चिकटले होते.

तोंड नाय बघितलं. बघवलं नाय.

मी म्हणलं, "अहो. सोडा आता. मोटर लागली."

मान थांबली.

"खरीखुरी लागली. मिस्त्रीनं जोडलीय. तुम्हाला सुट्टी हाय. पंचांनी दिलीय, मी स्वतः विचारलंय. सोडा तो दांडा."

गोळा हळूहळू वर यायला लागला. वीतभर होता तो चार बोटं झाला, मंग दोन. रेघेवर येऊन थांबला. तिथंच राहिला. गीत चालू होतं. मोटर एकटी वाजवत होती, आन् तो उभा होता, दांड्यावर हात ठेवून, ऐकत. मला वाटलं, झालं. मी दाराच्या लाकडाला कपाळ टेकलं. 

मंग तो हसला. नाकातून, बारीक. चाळीस वर्षं मी त्याला फसवायची ना, कधी चपलेत खिळा, कधी पोस्टमन आलाय म्हणून पळवायची. फसला नाय की तो तसा हसायचा.

आन् मान परत खाली गेली.

८

तीन वर्षं झाली. दर रविवारी सांगते. पयलं गीत लागलं की जाते, दार चार बोटं उघडते. शपथ घेऊन सांगितलं, रडून सांगितलं, त्याच्या आईची आण घातली. दर वेळी तो ऐकतो, गोळा रेघेवर येतो, आन् मंग तेच. आता केस कमरेपर्यंत आलेत.

मिस्त्री तपासायला येतो तवा डोकं खाजवतो. म्हणतो, शुक्रवारी बरोबर असतं, रविवारी हवा जास्त कशी होते? जास्तीची हवा सुटायला झडप ठेवलीय त्यानं. शेवटच्या बाकावर बसलीस तर ऐकू येते, सूं करून.

म्हणून तुला बोलावलं. स्मरणिका बिरणिका राहू दे. माझं तो मानणार नाय, पिंके. माझं कोणीच मानत नाय, ते माझंच करणं हाय. पण तू शिकलेली, कधी कोणाला फसवलं नाय तू. उद्या रविवार हाय. किल्ली देते. तू नुसतं दार उघड आन् सांग, काका, मोटर लागली, ठमाबाई खरं सांगतीय. एवढंच.

काय?

हसलीस ना. तोबी असाच हसला. जा आता तू. जा.